वॉशिंग्टनचा हुकूम, जळगावचा कापूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे कापूसवाले, जिनिंगवाले, केळीचे व्यापारी, परदेशी शिकायला निघालेली मुलं आणि स्पर्धा परीक्षेची मुलं फिरून फिरून जे विचारतात, त्याची ही उत्तरं. माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे.

अमेरिकेचा अध्यक्ष तिकडे बोलतो आणि इकडे कापसाचा भाव पडतो, हे कसं?

नुसत्या बोलण्याने पडत नाही, मधे तीन-चार हात लागतात. डोनाल्ड ट्रम्प यांनी ७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के शुल्क लावलं. रशियाकडून तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के चढवलं. झाले ५० टक्के. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या कपड्यांवर त्याच सुमारास २० टक्के होतं. शर्ट तोच, शिवणारा तिरुपूरचा असो की ढाक्याचा. अमेरिकेतला खरेदीदार कुठे वळणार हे सांगायला नको.

निर्यातदार गिरण्यांकडे गेले, गिरण्या स्वस्त कापूस मागायला दिल्लीत गेल्या. बाहेरच्या कापसावर आपलं ११ टक्के आयात शुल्क होतं. केंद्राने ते १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं आणि लगेच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपल्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे येते. म्हणजे माल घराबाहेर पडायचा हंगाम आणि माफीचा काळ बरोबर एकावर एक बसले.

आकड्यात पाहा. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. बाहेरची खंडी बंदरात शुल्काआधी ५५,००० रुपयांना पडते असं हिशोबापुरतं धरा. त्यावरचं ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये, किलोमागे १७ रुपये. आपल्या एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. ३४ किलो धरली तर क्विंटलमागे जवळपास ५७५ रुपयांचा आधार निघून गेला. सगळा बाजार तेवढाच खाली येतो असं नाही. सरकीचा भाव वेगळा चालतो आणि बाहेरचा कापूस गिरणीत पोहोचायला वेळ लागतो. पण खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन भाव बोलतो तेव्हा त्याच्या डोक्यात हाच हिशोब असतो.

मग शेतकऱ्याच्या हिताशी तडजोड नाही, असं पंतप्रधान म्हणाले होते त्याचं काय?

म्हणाले होते, ७ ऑगस्टला, दिल्लीत एम. एस. स्वामिनाथन जन्मशताब्दी परिषदेत. शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमार यांच्या हिताशी तडजोड करणार नाही आणि त्याची किंमत मोजायची तयारी आहे, असा त्याचा आशय. शुल्क माफीची अधिसूचना त्यानंतर बारा दिवसांच्या आत निघाली. दुग्धजन्य पदार्थ आणि जनुकीय बदल केलेला मका यांवर अमेरिकेचा डोळा आहे. तिथे सरकारने दार उघडलं नाही. कापसाला उघडलं, कारण कापडगिरण्यांतल्या आणि शिवणकामातल्या नोकऱ्या लाखोंच्या घरात आहेत आणि त्यांचा माल अडकला होता. धोरण म्हणून दोन्ही बाजूंना तर्क आहे. तारीख मात्र चुकली असं आमचं स्पष्ट मत आहे. हीच माफी मे-जूनमध्ये दिली असती तर खानदेशात कुणी फार बोललं नसतं, कारण तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कापूस नसतो.

अशा वर्षी हमीभावाने कापूस द्यायचा तर नेमकं काय करायचं?

२०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता. खरेदी भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, करतं. त्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी केल्याशिवाय केंद्रावर माल घेत नव्हते.

सातबाऱ्यावर चालू हंगामाची कापसाची नोंद आहे का ते आधी बघा. ई-पीक पाहणी राहिली असेल तर पुढचं सगळं तिथेच अडकतं, आणि सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. मग आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. खातं एकाच्या नावावर आणि सातबारा दुसऱ्याच्या, असं असेल तर गाडी भरायच्या आधीच निस्तरा.

मग ओलावा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात. १२ च्या वर गेला की गाडी परत. लांब धाग्याचा माल १२ टक्क्यांवर भरला तर ८,११० चे ७,७८६ झाले. गाडीभाडं त्यातूनच जायचं. नोव्हेंबरात सकाळी दव असतं, म्हणून ऊन चढल्यावर वेचा आणि एक-दोन दिवस पातळ पसरून वाळवा. फरदडीचा किंवा कवडीचा कापूस पहिल्या वेचणीत मिसळू नका. प्रतवारीत चांगला मालही त्याच्याबरोबर खाली उतरतो.

ट्रम्प यांनी पोस्ट टाकली की शुल्क लागू झालं, असंच ना?

नाही. व्यापाऱ्यांची सर्वांत महागडी चूक हीच. पोस्ट ही धमकी असते, कधी सौद्याची पहिली बोली. शुल्क लागू व्हायला सहीचा कार्यकारी आदेश लागतो, तो तिकडच्या राजपत्रात छापून येतो, मग सीमाशुल्क खातं कोणत्या मालाला कोणता कोड ते कळवतं. आदेशात तारीख आणि वेळ असते, बहुधा वॉशिंग्टनच्या वेळेने रात्री १२ वाजून १ मिनिट. उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे सकाळचे ९:३१.

वाटेतल्या मालाचं कलम वेगळं वाचायचं. २७ ऑगस्टपासून लागू झालेल्या आदेशात, लागू व्हायच्या वेळेआधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे सोडवून घेतलेला माल वाढीव २५ टक्क्यांतून सुटला होता. हे ज्यांनी वाचलं त्यांनी गाड्या रात्रीतून न्हावाशेवाकडे काढल्या. ज्यांनी फक्त बातम्या पाहिल्या त्यांनी ऑर्डर रद्द करून घेतल्या.

उलटंही घडतं. २ एप्रिलला भारतावर २६ टक्के जाहीर झाले आणि ९ एप्रिलला नव्वद दिवसांची स्थगिती आली. चीनवरचं शुल्क एप्रिलमध्ये १४५ टक्क्यांवर गेलं आणि मे महिन्यात जिनिव्हाच्या बैठकीनंतर ३० वर आलं.

एवढा अधिकार एका माणसाला आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेने कर बसवायचा अधिकार संसदेला दिलाय. पण संसदेने वेळोवेळी त्याचे तुकडे अध्यक्षाकडे सोपवले. १९६२ च्या कायद्याचं कलम २३२ राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली चालतं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवरचे ५० टक्के त्याच वाटेने आले. १९७४ च्या कायद्याचं कलम ३०१ अन्याय्य व्यापाराची चौकशी करून लावायचं, त्याला महिने लागतात. त्याच कायद्याचं कलम १२२ फक्त १५ टक्के आणि १५० दिवसांपुरतं.

देशागणिक शुल्क मात्र १९७७ च्या आणीबाणी अधिकार कायद्याखाली लावलं गेलं, आणि त्या कायद्यात ‘शुल्क’ हा शब्दच नाही. म्हणून भांडण कोर्टात गेलं. २८ मे २०२५ ला व्यापार न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं, ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. या सगळ्या काळात वसुली चालूच होती. निकाल काहीही लागो, २३२ चं शुल्क त्या निकालाने उठत नाही. तेव्हा कोर्टाची बातमी आली की आपला माल कोणत्या कलमाखाली आहे ते आधी बघा, पेढे नंतर वाटा.

हे शुल्क आपला निर्यातदार भरतो का?

भरतो अमेरिकेतला आयातदार, त्यांच्या बंदरात. मग तो फोन करून म्हणतो, ‘अर्धं तुम्ही सोसा.’ नवीन ऑर्डरमध्ये सवलत मागितली जाते, देणं ६० दिवसांवरून ९० वर जातं, नमुने मागवून गप्प बसतात. कागदावर शुल्क त्याचं, तोट्यातला वाटा आपला. करारात वाढीव शुल्क कोण सोसणार याची एक ओळ नसेल तर मोठा खरेदीदार तुमच्याच गळ्यात घालणार.

नाटो, क्वाड (भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांचा गट) वगैरे मोडीत निघाले का?

मोडीत निघाले नाहीत. झालं ते वेगळंच. समजा शेजाऱ्याच्या विहिरीवर तुमची वर्षानुवर्षं पाळी ठरलेली आहे. एक दिवस मालक म्हणतो, पाणी देईन, पण दरवेळी नव्याने विचारा आणि दर मी सांगेन तो. विहिरीला पाणी तेवढंच आहे, तरी त्याच उन्हाळ्यात तुम्ही स्वतःची बोअर मारायला घेता.

नाटो ही अमेरिका आणि युरोपची लष्करी आघाडी, १९४९ ची. एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला, हे तिचं पाचवं कलम. आज ३२ सभासद आहेत. ते कलम कागदावर जसंच्या तसं आहे. पण २४ फेब्रुवारी २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या बाजूचा युरोपचा ठराव आला तेव्हा अमेरिकेने रशियाच्या बरोबरीने विरोधात मत टाकलं. चार दिवसांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर झापण्यात आलं. मार्चमध्ये जर्मनीने कर्जावरची घटनात्मक मर्यादा संरक्षणासाठी सैल केली. मे महिन्यात युरोपीय संघाने शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंची कर्जयोजना मंजूर केली. जूनमध्ये हेग परिषदेत २०३५ पर्यंत संरक्षण आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के खर्च करायचं ठरलं. जुनं लक्ष्य २ टक्के होतं आणि तेही बरेच जण टाळत होते.

म्हणजे ट्रम्प यांना हवं होतं ते मिळालं का? पैशाच्या बाबतीत मिळालं, आणि हे त्यांच्या टीकाकारांनी मान्य करायला हवं. पण बोअर एकदा लागली की विहिरीच्या मालकाचा शब्द पूर्वीसारखा चालत नाही. युरोप स्वतःचे कारखाने उभारतोय. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकन विमानं आणि तोफा किती विकल्या जातील, हा प्रश्न त्यातच आला.

मित्रांना वेगळा दर मिळाला असंही नाही. युरोपीय संघ, जपान, दक्षिण कोरिया यांना १५ टक्क्यांवर आणलं, वर जपानकडून ५५० अब्ज आणि कोरियाकडून ३५० अब्ज डॉलर गुंतवणुकीची कबुली घेतली.

आणि भारत? आता चीनच्या कळपात जाणार?

कळपात नाही, पण बोअर आपणही मारतोय. १० मे २०२५ ची शस्त्रसंधी मी घडवली हे ट्रम्प पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि दिल्ली नाकारत राहिली. १८ जूनला पाकिस्तानचे लष्करप्रमुख आसिम मुनीर व्हाइट हाउसमध्ये जेवायला होते. पंतप्रधान मोदी सात वर्षांनी चीनला गेले, ऑगस्टअखेर तियानजिनला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुतिन दिल्लीत येऊन गेले. ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलैला झाला.

याच वर्षी ३१ ऑक्टोबरला भारत आणि अमेरिका यांनी दहा वर्षांच्या संरक्षण आराखड्यावर सह्याही केल्या. वरच्या मजल्यावर भांडण आणि खालच्या मजल्यावर लष्करी सराव, गुप्त माहिती, इंजिनांचे सौदे चालू. टीव्हीवर वरचाच मजला दिसतो.

त्यांच्याच पक्षाचे लोक त्यांना अडवत का नाहीत?

आपल्याकडे तिकीट पक्षाचा नेता वाटतो. निवडून आल्यावर व्हिप असतो आणि १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. तो असूनही २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत असं बंधन नाही. खासदार पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, सदस्यत्व जात नाही. तरीही तो घाबरतो, कारण तिथे तिकीट ठरवतात पक्षाचे मतदार, प्राथमिक निवडणुकीत. त्या निवडणुकीला येणारे थोडे आणि कट्टर. ते ज्याचे, त्याच्या हातात तिकीट.

लिझ चेनी माजी उपाध्यक्षांची मुलगी, पक्षात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेली. ट्रम्पविरोधात उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वायोमिंगची प्राथमिक निवडणूक हरल्या. सिनेटर थॉम टिलिस यांनी जून २०२५ मध्ये मोठ्या कर-विधेयकाला विरोध केला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं. ते विधेयक सिनेटमध्ये ५१-५० ने पार पडलं आणि ४ जुलैला त्यावर सही झाली. एका मताच्या बहुमतावर देश वळवायचा असेल तर भीती पुरेशी लागते, प्रेम लागत नाही.

भीती संपते कधी? जेव्हा मतदारच नेत्याच्या पुढे निघून जातात. लैंगिक शोषणाचा आरोप असलेला धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाची कागदपत्रं खुली करू नयेत म्हणून महिनोन्महिने दबाव होता. १८ नोव्हेंबरला कनिष्ठ सभागृहात ती खुली करायचं विधेयक ४२७ विरुद्ध १ ने पास झालं, आणि त्याच्या दोन दिवस आधी ट्रम्प यांनी स्वतःच बाजू बदलली होती.

संस्थांचं काय होतं?

ज्या संस्था आकडे देतात आणि व्याजदर ठरवतात त्यांच्यावर नजर ठेवा, तिथलं नुकसान उशिरा दिसतं. १ ऑगस्टला रोजगाराचे आकडे नकोसे आले आणि त्या खात्याच्या प्रमुखांना काढलं. २५ ऑगस्टला फेडरल रिझर्व्ह या तिकडच्या मध्यवर्ती बँकेच्या लिसा कुक यांना काढल्याचं जाहीर झालं. त्या कोर्टात गेल्या आणि कामावर राहिल्या. परदेशांना मदत देणारी १९६१ ची सरकारी संस्था यूएसएड १ जुलैला गुंडाळली गेली. तिच्या पैशावर जगभर आरोग्याची कामं चालायची.

अशा नेत्यामुळे दुसऱ्या देशांच्या निवडणुका बदलतात?

बदलतात, पण एकाच दिशेने नाही. कॅनडाला ‘५१ वं राज्य’ म्हणून चिडवलं आणि जानेवारीत बुडालेला समजला जाणारा लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखाली २८ एप्रिलला जिंकला. ऑस्ट्रेलियात ३ मे रोजी पंतप्रधान अल्बानीज परत निवडून आले. याउलट पोलंडमध्ये ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले नवरोत्स्की निवडून आले. अर्जेंटिनात अध्यक्ष मिलेई यांना अमेरिकेने २० अब्ज डॉलरचा आधार दिला आणि ऑक्टोबरची संसदेची निवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. अपमान झाला की मतदार विरोधात उभा राहतो. मदत मिळाली की विचार करतो.

असं पूर्वी कधी झालंय का?

खानदेशने १८६१ ते १८६५ या काळातच पाहिलंय. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेच्या बंदरांना वेढा पडला, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडचे भाव भडकले. युद्ध संपलं तसे भाव कोसळले. तेजीत कर्ज काढलेल्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

नेत्यांची उदाहरणं हवी असतील तर, १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचं सोन्याशी नातं तोडलं आणि सरसकट १० टक्के आयात अधिभार लावला. तो चार महिन्यांत उठला, सोन्याचं नातं परत जुळलं नाही. द गॉल यांनी १९६६ मध्ये फ्रान्सला नाटोच्या लष्करी रचनेतून बाहेर काढलं. आपल्याकडे इंदिरा गांधींनी १९६९ मध्ये पक्ष फोडला, ऑगस्ट १९७१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला, १९७५ मध्ये आणीबाणी आणली. पक्ष, परराष्ट्र धोरण आणि संस्था या तिन्ही गोष्टी सहा वर्षांत हलवणारं हे उदाहरण घरातलंच आहे.

पुढचा अध्यक्ष आला की सगळं पूर्वीसारखं होईल?

आदेश एका सहीने फिरतात. फ्रान्सला मात्र नाटोच्या रचनेत पूर्ण परतायला २००९ उजाडलं, म्हणजे ४३ वर्षं. जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. नेमणुका ट्रम्प यांनी अडवल्या, पण नंतर आलेल्या बायडेन यांनीही सोडल्या नाहीत. म्हणून ‘आपण तक्रार का करत नाही’ याचं उत्तर सोपं आहे: खालचा निकाल मिळेल, पण हरणारा अपील करून तो बंद दारात अडकवून ठेवेल.

केळीवरचं शुल्क काढलं म्हणे. रावेर-यावलला फायदा?

नाही. १४ नोव्हेंबरला केळी, कॉफी, चहा, गोमांस असा माल देशागणिक लावलेल्या ‘परस्पर’ शुल्कातून वगळला, कारण तिकडे किराणा महागला होता आणि त्याच महिन्यात व्हर्जिनिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्कमध्ये विरोधक जिंकले होते. अमेरिकेत केळी ग्वाटेमाला, इक्वेडोर, कोस्टारिकाकडून जाते. आपली आखाताकडे जाते. तेव्हा लक्ष होर्मुझच्या सामुद्रधुनीवर ठेवा.

सोनं कशामुळे चढलं?

एकट्या ट्रम्प यांच्यामुळे नाही. मध्यवर्ती बँका आधीपासूनच घेत होत्या. पण डॉलरवरचा भरवसा डळमळला की सोनं चढतं. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला टेकला, ऑक्टोबरमध्ये जागतिक भाव औंसाला ४,००० डॉलरच्या पुढे गेला. लग्नाचं सोनं ‘जरा उतरू दे’ म्हणून थांबवलेल्या घरांची जळगावात कमी नाही.

मुलगा अमेरिकेत एमएस करतोय. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचे एक लाख डॉलर त्याला लागणार का?

१९ सप्टेंबर २०२५ ची घोषणा २१ सप्टेंबरपासूनच्या नव्या अर्जांना आहे. रक्कम एकदाच द्यायची, दरवर्षी नाही, आणि जुन्या व्हिसाच्या नूतनीकरणाला लागू नाही. २० ऑक्टोबरच्या खुलाशाप्रमाणे, जो विद्यार्थी व्हिसावर तिथेच आहे आणि तिथेच राहून दर्जा बदलून घेतो, त्याच्या कंपनीला ती भरावी लागत नाही. गोची होते ती अर्ज चालू असताना भारतात आल्यावर. मग दर्जाबदलाचा अर्ज सोडून दिला असं धरतात. बहिणीच्या लग्नाचं तिकीट काढायच्या आधी कंपनीच्या वकिलाला विचारायला लावा. नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवावी लागतात.

रोज इतके फॉरवर्ड येतात, खरं कोणतं धरायचं?

चार गोष्टी विचारा: सही झाली का, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या तारखेपासून, कोणता माल वगळला. चारांपैकी एकाचंही उत्तर फॉरवर्डमध्ये नसेल तर त्यावर गाडी भरू नका आणि थांबवूही नका. आपल्या बाजूने अर्थ मंत्रालयाची सीमाशुल्क अधिसूचना पाहायची. कापसाची मुदत तिच्यातच लिहिलेली असते. २०२५ मधली माफी ३१ डिसेंबरपर्यंतची होती. जिनवाल्याने मुदत संपायच्या आठवड्यात भाव बोलायचं टाळलं तर तोही तीच अधिसूचना उघडून बसलाय असं समजा.